तळ्याकाठचे ट्रेक, लोकल आणि एसटीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःची गाडी न काढता मुंबई-पुण्याहून एखाद्या तळ्याच्या काठाने चालायला कसं जायचं, हे विचारणारे निरोप वर्षभर येत असतात. जून उजाडला की रोज. तेच ते प्रश्न एकत्र करून ही उत्तरं लिहिली आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे खालच्या सगळ्या वाटा लोकल, एसटी, जीप आणि पायी अशाच झालेल्या आहेत.

१. गाडी नसताना हे खरंच जमतं का? की शेवटी रिक्षावाल्याला हजार रुपये द्यावेच लागतात?

जमतं. एका बाबतीत तर गाडीवाल्यांपेक्षा बरं जमतं. गाडी जिथे लावली तिथेच त्यांना परत यावं लागतं. आपण एका स्टेशनला उतरून डोंगर ओलांडून दुसऱ्याच स्टेशनवर गाडी धरू शकतो (प्रश्न ४ आणि ५). रिक्षा काही ठिकाणी लागतेच, पण ती शेवटच्या टप्प्यापुरती आणि बहुतेक वेळा शेअरिंगची. ज्या तळ्याला जायला पूर्ण दिवसाची गाडी ठरवावी लागते, ते या यादीत घेतलेलं नाही.

२. ट्रेक कधीच केलेला नाही. सुरुवात कुठून करू?

माथेरानचं शार्लोट लेक. मध्य रेल्वेच्या कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरायचं. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात, त्या दस्तुरी नाक्यापर्यंत जातात. पुढे माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. नाक्यावर प्रवेशकर भरून आत शिरलं की जवळच अमन लॉज स्टेशन. तिथून शटल गाडीने माथेरान स्टेशनला जा, नाहीतर रुळांच्या कडेच्या लाल मातीच्या वाटेने चालत जा. चालायला पाऊण तास पुरतो आणि मला शटलपेक्षा तेच आवडतं. बाजारपेठेतून पुढे पाट्या बघत गेलं की झाडीतून अचानक पाणी दिसतं. शेजारी पिसरनाथाचं देऊळ आहे. लेकच्या बांधावरून पुढे लॉर्ड्स, एको, लुईझा असे पॉइंट जवळजवळ आहेत. सगळी वाट सावलीची, चढ नावापुरता.

हे तळं माथेरानच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे, त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही. आणि हातात खाण्याची पिशवी धरून चालू नका. माकडं पिशवी बघतात, माणूस बघत नाहीत.

३. नेरळहून मिनी ट्रेननेच जायचं आहे. कधी मिळेल?

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा भाग बंद असतो, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. वरची अमन लॉज–माथेरान शटल मात्र त्या काळातही चालते. बाकीच्या महिन्यांत नेरळहून दिवसाला मोजक्याच गाड्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटाची रांग पहाटे लागते. १९०७ साली सुरू झालेली दोन फुटी रुळांची ही गाडी जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी स्टेशनं घेत वळणं वळणं घेत चढते. मजेसाठी जा. तळ्यावर लवकर पोचणं हा हेतू असेल तर टॅक्सीच बरी.

४. स्टेशनवर उतरून, एकही रिक्षा न करता, थेट पायी जाता येईल असं तळं आहे का?

आहे, आणि लोकांना त्याचं नाव माहीत नसतं. पाली भुतिवलीचं धरण. कर्जत मार्गावर नेरळच्या पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. तिथे उतरून डिकसळ गावातून माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून चालायला लागायचं. धरणाच्या भिंतीशी पोचलात की समोर पाणी, पाण्यामागे माथेरानची काळी भिंत, आणि पाऊस असेल तर तिच्यावरून उतरणारे पांढरे दोरे. नवख्यांनी इथूनच डबा खाऊन परत फिरावं. पूर्ण सहल होते.

ज्यांना चढायचं आहे त्यांनी तळ्याला बाजूला ठेवून गारबेटच्या पठाराकडे निघावं. चढ अंगावर येणारा आहे, मध्ये वाडी लागते, आणि वाटेला फाटे इतके की पहिल्या खेपेला माहितगार सोबत हवाच. पठारावरून मागे वळून बघितलं की मघाचं तळं बशीएवढं दिसतं. तिथून गारबेट पॉइंटवरून माथेरानमध्ये शिरता येतं आणि शार्लोट लेक बघून नेरळमार्गे घरी. एका दिवसात दोन तळी, चढायला एक स्टेशन, परतायला दुसरं. या पानावरची माझी सगळ्यात लाडकी वाट हीच. पण सकाळी आठनंतर सुरू करायची असेल तर माथेरान विसरा, पठारावरूनच परत उतरा.

५. लोणावळा ते कर्जत राजमाचीमार्गे चालत जातात म्हणे. एका दिवसात होतं का?

होतं, पण दिवस मोठा आणि पाय सवयीचे हवेत. लोणावळा स्टेशनवरून तुंगार्लीकडे निघायचं. तुंगार्लीचं तळं सुरुवातीलाच भेटतं. पुढे राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी गाव साधारण १५ किलोमीटर. वाट रुंद, मोठा चढ नाही, पण लांबण संपत नाही. चार-पाच तास धरा. उधेवाडीत घरगुती जेवण मिळतं, मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं बरं. पिठलं-भाकरी ही आयत्या वेळी होणारी गोष्ट नाही, चुलीवर तर नाहीच.

गावातून खाली उतरलं की जुनं दगडी शिवमंदिर आणि त्याच्या जवळच तळं. लोक श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले चढून उतरतात आणि दमून थेट परतीला लागतात. तळ्यावर कुणी फिरकत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला तिथे म्हशी पाण्यात बसलेल्या असतात, फक्त नाकपुड्या आणि शिंगं वर. एक गुराखी पोरगा दगडावर बसून त्यांना नावानं हाका मारत होता आणि एकही म्हैस ढिम्म हलत नव्हती. तासभर आम्ही तेच बघत बसलो होतो.

उतरायचं कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कोंदिवड्याला. हा उतार खडा आहे, पावसात निसरडा होतो, गुडघे बोलायला लागतात. कोंदिवड्याहून कर्जत स्टेशनला रिक्षा किंवा टमटम. अंधार पडल्यावर ती मिळेलच असं नाही, म्हणून उधेवाडी दुपारी तीनच्या आत सोडा. हे जमणार नसेल तर गावात मुक्काम करा आणि सकाळी उतरा.

उलट दिशेने, म्हणजे कर्जतहून चढून लोणावळ्याला जाणारेही आहेत. सगळा चढ सकाळीच उरकतो हा त्यातला फायदा. मला विचाराल तर लोणावळ्याहून कर्जत हीच दिशा, कारण कर्जतहून मुंबईची लोकल रात्री उशिरापर्यंत असते. पुणेकरांनी मात्र उलटंच करावं. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

६. मुंबईची लोकल थेट लोणावळ्याला जाते का? पुण्याची कर्जतला?

दोन्ही नाही, आणि इथेच लोकांचा घोटाळा होतो. मुंबईची लोकल कर्जतला किंवा खोपोलीला संपते. पुण्याची लोकल लोणावळ्याला संपते. मधल्या बोरघाटात लोकल धावतच नाही. तिथे फक्त मेल-एक्स्प्रेस. त्यामुळे राजमाची करून कर्जतला उतरलेल्या पुणेकराला एक्स्प्रेसचं तिकीट काढावं लागतं, आणि लोकलचा पास किंवा लोकलचं तिकीट त्या गाडीत चालत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या घाट चढायला मागून इंजिन लावून घेण्यासाठी कर्जतला थांबतात. पण तुमची गाडी तिथे थांबते का, हे निघायच्या आधीच बघून ठेवा.

आणखी एक. पुणे–लोणावळा लोकल मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी नसते. दुपारी तर मोठी खिंड पडते. मळवलीला दुपारी बारा वाजता पोचून ‘येईल एवढ्यात’ म्हणत बाकावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली एक मीच.

७. पवना तळं नीट बघायचं आहे. लोहगड, तिकोना की तुंग?

लोकलने जायचं असेल तर लोहगड. मळवलीला उतरा, एक्स्प्रेसवेवरच्या पुलावरून भाजे गावात, तिथून लेण्यांची वाट सोडून गायमुख खिंडीकडे. दोन-अडीच तासांत लोहगडवाडी. गडावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले त्यात लोहगड आहे, तेव्हापासून रविवारची गर्दी विचारू नका. पवनेचं पाणी दिसायला विंचूकाट्याच्या टोकाकडे जावं लागतं. बहुतेक लोक दरवाजात फोटो काढून परततात, त्यामुळे टोकाला तुलनेनं शांतता असते.

तिकोन्यावरून तळं जास्त जवळ दिसतं. त्यासाठी कामशेतला उतरून जीप किंवा एसटीने पवनानगर. गावातले लोक ‘काळे कॉलनी’ म्हणतात, त्याच नावाने विचारा, लवकर उत्तर मिळतं. तिथून पुढे तिकोना पेठ. तुंग सगळ्यात देखणा आहे आणि एसटीने सगळ्यात अवघड. गाड्या कमी आणि परतीची आणखी कमी. मुक्कामाची तयारी असेल तरच.

काठावरून चालायचं म्हणाल तर पवनेला सलग वाट नाही. काठाचा बराच भाग खासगी जागांनी आणि तंबूवाल्यांनी व्यापला आहे. हे तळं वरून बघायचं आहे, असं समजून जा.

८. एसटीचं वेळापत्रक कुठे मिळतं? नेटवर दिसणारी वेळ धरून चालू का?

आरक्षण होणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना ती वेळ चालते. तळ्याच्या गावाला जाणारी साधी लाल गाडी मात्र नेटवर सहसा नसतेच. तिची वेळ तीन ठिकाणी असते: स्टँडच्या चौकशी खिडकीत, भिंतीवर रंगवलेल्या फलकावर, आणि गावातल्या टपरीवाल्याच्या डोक्यात. या तिघांत मतभेद झाले तर टपरीवाल्याचं खरं.

विचारायची पद्धतही आहे. ‘परत यायला गाडी आहे का?’ असं विचारलं तर ‘हाय की’ एवढंच उत्तर येतं. विचारा, ‘शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि ती रविवारी असते का?’ खेड्यातल्या कित्येक फेऱ्या शाळेच्या पोरांसाठी असतात. रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात त्या बंद असू शकतात. ट्रेकरला नेमका रविवारच मोकळा. मी जमेल तेव्हा शनिवारी जाते.

९. ‘मुक्कामी गाडी’ म्हणजे काय? कंडक्टरने सांगितलं, पण कळलं नाही.

संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते, ती मुक्कामाची गाडी. काही भागांत वस्तीची गाडी म्हणतात. ही गाडी म्हणजे आपलं कवच आहे. संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने गावात जायचं, रात्री कुणाच्या पडवीत किंवा देवळात झोपायचं, पहाटे चालायला सुरुवात आणि दुपारच्या फेरीने परत. एकाच दिवसात न बसणारी तळी अशी बसतात. गैरसमज एवढाच होतो की रात्री गावात आलेली गाडी बघून लोकांना वाटतं, ही आता आपल्याला परत नेईल. ती सकाळीच हलते.

१०. शेवटची गाडी चुकली तर?

पहिली गोष्ट, अंधारात डांबरी रस्त्याने १५ किलोमीटर चालत सुटू नका. चालत्या वाहनाचा धोका जंगलापेक्षा जास्त. गावात, तिठ्यावर, उजेडात थांबा. दुकानदाराला सांगा. हॉटेल, किराणा, दूध डेअरी ही माहितीची ठिकाणं आहेत. कुणाची गाडी कुठे चालली आहे हे तिथे कळतं.

पवनानगरला मी एकदा पाण्याकडे बघत बसले आणि डोळ्यांदेखत गाडी वळणावरून गेली. चूक सर्वस्वी माझी. चहावाल्या मावशींनी ‘बसा, दुधाची गाडी येईल’ म्हणून सांगितलं, आणि पाऊण तासाने मी रिकाम्या कॅनच्या खडखडाटात कामशेतला पोचले. केसांना दोन दिवस दुधाचा वास होता. तेव्हापासून एक नियम: शेवटची गाडी आपली नाहीच. तिच्या आधीची गाडी ती आपली, शेवटची राखीव. पोचल्या पोचल्या परतीची वेळ विचारायची आणि ट्रेक त्या वेळेपासून मागे मोजत यायचा.

११. तिकिटात सवलत काय मिळते? आईबाबांना नेणार आहे.

एसटीत महिलांना निम्मं तिकीट (मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, आणि पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत. वयाचा पुरावा जवळ ठेवा. ही सवलत एसटीची आहे, शहर बसची नाही. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. एकामागून एक तीन-चार ठिकाणं करायची असतील तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास बघा, चार किंवा सात दिवसांचा मिळतो.

आईबाबांसाठी ठिकाण कोणतं, हेही पुढे विचारलं जातं. प्रश्न २ मधलं माथेरान, शटलने. पुणेकरांसाठी खडकवासला, सिंहगड पायथ्याकडे जाणारी पीएमपीएमएलची बस तळ्याच्या कडेनेच जाते. ट्रेक नाही, पण काठावर बसून कणीस खाता येतं आणि त्यासाठी कुठल्या तयारीची गरज नाही.

१२. भंडारदऱ्याला एसटीने जाऊन एका दिवसात परत येता येईल का?

जाऊन येता येईल, बघून येता येणार नाही. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, त्याचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. धरणाशेजारचं गाव शेंडी. एसटीच्या पाटीवर भंडारदरा किंवा शेंडी यांपैकी काहीही असू शकतं. मुंबईकडून कसारा लोकल किंवा इगतपुरीपर्यंत एक्स्प्रेस, पुढे घोटीमार्गे एसटी आणि जीप. पुण्याकडून संगमनेर–अकोले करत शेंडी. दोन्ही बाजूंनी गाडी बदलावी लागते आणि त्यातच अर्धा दिवस जातो. शेंडीत मुक्काम धरा.

जलाशयाला फेरी घालणारा रस्ता आहे, पण तो पायी एका दिवसात पुरा करण्याजोगा नाही. मला पटलेला बेत असा: पहिल्या दिवशी दुपारी शेंडीहून काठाच्या रस्त्याने मन भरेपर्यंत चालायचं आणि तसंच परत. दुसऱ्या दिवशी रतनवाडी, जिथे अमृतेश्वराचं कोरीव हेमाडपंती देऊळ आहे. शेंडीहून होडी मिळाली तर उत्तम, नाहीतर जीप. कळसूबाई करायची असेल तर बारी गावात उतरा, ते घोटीकडच्या रस्त्यावरच आहे. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि स्वच्छ दिवशी वरून हाच जलाशय दिसतो. हा सगळा भाग अभयारण्याचा, त्यामुळे वनखात्याची पावती फाडावी लागते. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध असतात आणि जीपवाल्यांचे दर चढलेले असतात.

१३. वासोटा किल्ल्याला होडीने जातात, तिथे एकट्यादुकट्याने एसटीने जाऊन काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण गणित आधी समजून घ्या. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला एसटी जाते. बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ. तिथून वनखात्याची परवानगी घेऊन होडीने पलीकडे, साधारण दीड तास, आणि मग जंगलातून चढाई. होडी माणशी नसते, पूर्ण होडी ठरवावी लागते. दोघंच असाल तर काठावर दुसरा गट शोधायचा. शनिवारी-रविवारी सहसा सापडतो, मंगळवारी सापडेलच असं नाही.

साताऱ्याहून सकाळी निघून गडावर जाऊन त्याच दिवशी परत साताऱ्याला यायचं म्हणाल तर वेळ पुरत नाही. आदल्या रात्री बामणोलीत राहा आणि पहिल्या होडीने निघा. पलीकडचा भाग व्याघ्र प्रकल्पाचा आहे, मुक्कामाला बंदी, पावसाळ्यात प्रवेश बंद. ओळखपत्र न्या, आणि प्लास्टिकच्या बाटल्या जेवढ्या नेल्या तेवढ्या परत आणा. तिथे मोजतात.

१४. लोणार सरोवराच्या काठाने पूर्ण प्रदक्षिणा होते का?

पूर्वी सांगत असे, होते. आता जपून सांगते. अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी वाढून काठाची वाट आणि कमळजा देवीच्या देवळाचा परिसर पाण्याखाली जातो. त्यामुळे खाली उतरण्याआधी धारेपाशी, म्हणजे गोमुखाशी, वनखात्याच्या माणसाला विचारा. वाट मोकळी नसेल तर वरच्या कडेकडेने चाला. अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर तिथूनच पूर्ण डोळ्यांत मावतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. दर वर्षी होत नाही, त्या आशेने जाऊ नका.

जालना स्टेशनवरून, छत्रपती संभाजीनगर किंवा मेहकरहून एसटी आहे. स्टँडवरून विवराची कड चालत गाठता येते. वाटेत गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. मार्चनंतर दुपारी उतरणं म्हणजे तव्यावर चालणं.

१५. मुंबईला पाणी देणारे तलाव इतके जवळ आहेत. तुळशी, विहार, तानसा का सांगत नाही?

कारण ते पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत आणि तुळशी-विहारला तर सर्वसामान्यांना प्रवेशच नाही. ‘एका मित्राने नेलं होतं’ अशा गोष्टी मलाही कळतात, मी त्या इथे लिहिणार नाही. बोरिवली स्टेशनवरून राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची वाट खुली आहे, सोमवारी उद्यान बंद. शहरातच पाण्याकडेने फिरायचं तर पवई आहे. तिथल्या मगरींबद्दल प्रश्न १६ मध्ये.

१६. पोहता येतं. मग पाण्यात उतरायला काय हरकत आहे?

पोहायच्या बांधीव तलावातला अंदाज धरणात चालत नाही. धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव असतं, शेतांचे बांध, पडक्या विहिरी, तोडलेल्या झाडांचे बुंधे. काठापासून चार पावलं गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला तळ नाही, असं असतं. गाळ वेगळाच. बूट अडकला की पोहणाऱ्याचं पोहणं संपतं. बुडालेल्यांमध्ये पट्टीचे पोहणारे असतात, हे त्या गावांत कुणालाही विचारा. पवईत आणि विहारमध्ये मगरी आहेत, ते वेगळंच.

धरणाच्या खालच्या नदीपात्रातही उतरू नका. वरून विसर्ग सोडला तर कोरड्या खडकांवर काही मिनिटांत पाणी चढतं. भोंगा वाजला की चपला सोडून वर पळायचं, सामान गोळा करत बसायचं नाही.

१७. पावसाळ्यात बंदी असते म्हणतात. भुशी डॅमला जाता येतं की नाही?

दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोक्याच्या ठिकाणांसाठी मनाई आदेश काढतात. ठिकाणं आणि तारखा बदलतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशीची बातमी बघा. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले.  पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो आणि लोंढा खाली येतो; आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी येतो.

भुशी मुळात इंग्रजांच्या काळातल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं धरण. लोणावळा स्टेशनवरून चालत जाता येतं. माझं मत विचाराल तर पावसाळ्यातला शनिवार-रविवार सोडून कधीही जा. नोव्हेंबरात तिथे पक्षी ऐकू येतात, जुलैत फक्त स्पीकर.

१८. तळ्याकाठी तंबू ठोकून राहता येईल का?

जागेवर अवलंबून. पवनेकाठी पैसे घेऊन तंबू देणाऱ्या जागा आहेत. उधेवाडीत गावकऱ्यांना विचारून अंगणात लावता येतो. भंडारदऱ्यात ठरावीक जागीच. वासोट्याच्या बाजूला अजिबात नाही (प्रश्न १३). एसटीने जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: तंबू पाठीवर घेऊन दोन गाड्या बदलण्यापेक्षा गावातल्या घरी दोनशे पावलं चालून झोपा. जेवणही मिळतं, आणि सकाळची गाडी कुठवर आली आहे हेही.

१९. मी एकटी मुलगी आहे. एकटीने जाऊ का?

माथेरान, लोहगड सुट्टीच्या दिवशी, शेंडी गाव, लोणार गाव: मी एकटी गेले आहे, पुन्हा जाईन. राजमाचीची लांब वाट, गारबेट आणि लोणारचा खालचा काठ एकटीने नाही, आणि हे मुलांनाही लागू आहे. तिथे पाय मुरगळला तर सांगायला कुणी नसतं, मोबाइलला रेंज नसते. एसटीत कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, ‘मला अमुक फाट्यावर उतरवा’. तो विसरला तरी शेजारची आजी विसरत नाही. जीपमध्ये पुढची सीट मागा. आणि मुक्कामाचं घर अंधार पडायच्या आत ठरलेलं हवं.

२०. सगळं बघून निघालो तरी गाडी रद्द झाली. असं कधी होतं?

रविवारी मुंबई लोकलचा मेगाब्लॉक. शनिवारी संध्याकाळी बघूनच झोपा. आषाढी वारीच्या दिवसांत राज्यभरातून गाड्या पंढरपूरकडे जातात, गणपतीच्या आधी कोकणाकडे, निवडणुकीत मतदान केंद्रांकडे. गावाकडच्या फेऱ्या अशा वेळी कमी होतात. हे कुणाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. याउलट आठवडी बाजाराच्या दिवशी जीपा जास्त असतात, फक्त कोंबड्यांसह प्रवासाची तयारी ठेवा.

२१. चिखलाने माखलेल्या अवस्थेत एसटीत घेतात का?

घेतात. बूट चढायच्या आधी काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाका, पायात साधी स्लीपर, आणि सीटवर टाकायला जुनं वर्तमानपत्र. एका कंडक्टरने आमच्या सहाजणांकडे वरून खाली बघितलं, तिकिटं फाडली आणि शेवटच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाला, ‘तिकडं बसा, आन् खिडकी उघडी ठेवा.’